जुनी जाणती माणसं निवृत्त होताहेत, नवी टिकत नाहीत: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका प्रोसेस प्लांटच्या मेंटेनन्स विभागाचे प्रमुख विचारतात की, येत्या चार-पाच वर्षांत त्यांचे बरेचसे मुरलेले फिटर, वेल्डर आणि इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन निवृत्त होतील. जाहिरात दिली तरी हवी तशी माणसं येत नाहीत आणि जी येतात ती वर्ष-दीड वर्षात निघून जातात. पगार एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. मग कुशल माणसं आणायची कशी आणि टिकवायची कशी?

माझी नोकरीतली बहुतेक वर्षं मेंटेनन्समध्ये आणि पुढची तंत्रज्ञ घडवण्यात गेली, म्हणून उत्तर त्याच अंगानं देतो.

सहसा कंपन्या या प्रश्नाचे तीन तुकडे करतात. जाणाऱ्यांचं ज्ञान साठवायचं काम ट्रेनिंग विभागाकडे जातं, भरती एचआरकडे आणि माणसं टिकवायची जबाबदारी सुपरवायझरच्या गळ्यात पडते. तिघंही आपापल्या परीनं राबतात आणि परिस्थिती आहे तिथेच राहते. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे: तुमच्या प्लांटमध्ये शिकवणं हे काम म्हणून धरलं जातं का? त्यासाठी शिफ्टमधले तास, माणूस आणि पैसे बाजूला काढलेले असतात का, की ‘जमेल तसं बघून शिक’ एवढंच असतं? तरुण तंत्रज्ञाला आपला हात दर तिमाहीला सुधारताना दिसला तर तो थोड्या कमी पगारातही थांबतो. दोन वर्षं नुसतं पाना धर आणि टॉर्च धर एवढंच करावं लागलं तर तो जातो, आणि जावंच त्यानं.

पहिलं काम म्हणजे नेमकं कोणाच्या जाण्यानं अडणार आहे हे ठरवणं. ‘पाच वर्षांत इतके टक्के लोक निवृत्त’ हा आकडा घाबरवायला चांगला, कामाला निरुपयोगी. अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी वीज कंपनीनं यासाठी एक साधी पद्धत बसवली आणि ती पुढे अणुऊर्जा क्षेत्रात बऱ्याच ठिकाणी उचलली गेली. प्रत्येक माणसाला दोन गुण द्यायचे. तो किती लवकर जाणार, याला १ ते ५. त्याची जागा भरणं किती अवघड आणि ती रिकामी राहिली तर किती नुकसान, याला १ ते ५. दोन्हींचा गुणाकार करायचा. २० ते २५ आला तर लगेच हालचाल, त्याखाली आला तर क्रमानं. मग प्रत्येकासाठी तीन प्रश्न: काय हातचं जाणार आहे, गेलं तर काय होईल, आणि आपण काय करू शकतो.

ही पद्धत मी वापरतो, पण तिला एक जोड देतो. गुण माणसाच्या हुद्द्याला न देता कामाला द्यायचे. ‘सीनियर फिटर’ ही नोंद फसवी असते. चार सीनियर फिटरपैकी तिघांचं काम कोणीही महिन्याभरात उचलेल आणि चौथ्याच्या हातात एखादं असं काम असेल जे दुसऱ्या कोणाला जमतच नाही. ते कुठलं, हे कळायला ब्रेकडाऊनचं रजिस्टर चाळा आणि शिफ्ट इंचार्जना विचारा: रात्री दोन वाजता हे बंद पडलं तर तुम्ही कोणाला फोन लावता? रजेवर असलेल्या माणसाला कोणत्या कामासाठी बोलावून घेतलं होतं? यातून निघणारी यादी बहुधा लहान असते. शंभर माणसांच्या विभागात अशी कामं दहा-पंधरा निघाली तर ते नेहमीचंच समजा. अख्ख्या विभागाचं ज्ञान वाचवायचं ओझं डोक्यावर घेऊ नका. त्यातलं बरंच काही पुढच्या शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) भंगारात जाणाऱ्या मशीनपुरतं असतं. काही कौशल्यं तर निव्वळ वाईट डिझाइनवर उतारा म्हणून जन्माला आलेली असतात. एक व्हॉल्व्ह फक्त अमुक एकालाच नीट बसवता येतो, म्हणून त्याच्याकडून ती कला दुसऱ्यानं शिकायची? त्यापेक्षा व्हॉल्व्ह बदला.

आता सर्वांत जास्त गफलत होते त्या भागाकडे येतो. निवृत्तीला सहा महिने उरले की माणसाला बोलावून सांगितलं जातं, ‘तुमचं सगळं ज्ञान लिहून द्या.’ तो बिचारा वही घेऊन बसतो आणि जे मॅन्युअलमध्ये आधीच आहे तेच पुन्हा लिहितो. यात त्याची लबाडी नसते. मुरलेल्या माणसाला आपण काय करतो यातलं बरंचसं स्वतःलाच दिसत नाही.

याचं जगजाहीर उदाहरण ‘फॉगबँक’ या सांकेतिक नावाच्या पदार्थाचं आहे. अमेरिकेच्या डब्ल्यू-७६ या अण्वस्त्रात तो लागतो. १९७५ ते १९८९ या काळात ओक रिजच्या वाय-१२ कारखान्यात तो बनवला गेला आणि नंतर उत्पादन थांबलं. २००० नंतर त्या अस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की नोंदी अपुऱ्या आहेत आणि काम माहीत असलेली जवळजवळ सगळी माणसं निवृत्त झाली आहेत किंवा सोडून गेली आहेत. नवीन प्लांट उभारला, होत्या तेवढ्या कागदांबरहुकूम प्रक्रिया केली, तरी माल जमेना. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००९ च्या अहवालात या गोंधळाची नोंद आहे. ही अडचण निस्तरायला ६.९ कोटी डॉलर गेले. शेवटी कारण निघालं ते असं: जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्ध घटक राहून जायचा आणि पदार्थाचा गुण त्याच्यामुळेच यायचा. नव्या, अधिक चांगल्या शुद्धीकरणात तो निघून जात होता. जुन्या कामगारांना हे कधीच माहीत नव्हतं. म्हणजे त्यांना बसवून सगळं लिहून घेतलं असतं, तरी ही गोष्ट त्या कागदावर आली नसती. माणूस आणि प्रक्रिया दोन्ही चालू असताना शेजारी बसून बघणारा, मोजणारा, प्रश्न विचारणारा कोणी असता, तर कदाचित आली असती.

नासाचंही तसंच. चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाचे आराखडे शाबूत होते. पण २०१२-१३ च्या सुमाराला तिथल्या तरुण अभियंत्यांनी जुनं इंजिन उघडून अभ्यासलं, तेव्हा प्रत्येक इंजिन हातानं जुळवताना कारागिरांनी केलेले बारीकसारीक फेरफार आराखड्यात नसल्याचं आढळलं.

एवढ्या मोठ्या उदाहरणांची गरजही नाही. मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. गरम तेलाचा एक पंप वारंवार बेअरिंग खात होता. नव्या फिटरनं लेझरनं अलाइनमेंट केलं, म्हणजे पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत आणले; स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. दोन आठवड्यांत बेअरिंग पुन्हा गेलं. मग जुना फिटर आला. त्यानं लेझर बाजूला ठेवलं, कपलिंगवर, म्हणजे दोन्ही शाफ्टच्या जोडावर, डायल गेज (किंचित हालचालही काट्यानं दाखवणारं मापक) लावला आणि हेल्परला सक्शन फ्लँजचे, म्हणजे पंपात तेल आणणाऱ्या पाइपच्या जोडाचे, बोल्ट एकेक करून सैल करायला सांगितले. स्वतः बोल्टकडे पाहिलंच नाही, नजर काट्यावर. तिसऱ्या बोल्टला काटा सरकला. पाइपलाइन पंपाला ओढत होती. बोल्ट आवळलेले असताना केलेलं अलाइनमेंट त्या ओढीसकट केलेलं होतं. तेल गरम होऊन पाइप ताणला की ते बिघडणारच. पाइपचा सपोर्ट सुधारून घेतल्यावर त्यानं मोटर पंपापेक्षा किंचित वर ठेवली, कारण गरम झाल्यावर पंपाचा शाफ्ट वर येतो आणि मग दोघं एका रेषेत येतात. मी विचारलं, ‘बोल्ट सैल करून बघायचं हे एसओपीमध्ये, कामाच्या लेखी पद्धतीत, का नाही?’ त्याचं उत्तर: ‘ते तर करायचंच असतं, त्यात लिहायचं काय?’

या ‘करायचंच असतं’मध्ये तुमचा सगळा ठेवा दडलेला असतो. तो बाहेर काढायला ‘तुम्हाला काय येतं?’ हा प्रश्न चालत नाही. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. तुम्ही निर्णय कसे घेता, असं थेट विचारलं तर ते म्हणत, आम्ही निर्णय घेतच नाही, काय करायचं ते कळतं. म्हणून त्यानं प्रत्यक्ष घडलेल्या, अडचणीच्या प्रसंगांवरून खोदून विचारायला सुरुवात केली. आपल्यालाही तसंच करता येतं. शेवटचं फसलेलं काम घ्या आणि विचारा: सगळ्यात आधी काय खटकलं? काटा किती सरकला की तुम्ही हातातलं काम थांबवता? कुठल्या पंपाला हे करायची गरज नसते, आणि का? नवा मुलगा इथे पहिली चूक कुठली करेल? काम बरोबर झालं हे पंप चालू करायच्या आधी तुम्हाला कशावरून कळतं? आणि हे लिहायचं शिकणाऱ्यानं. जाणत्यानं ते वाचून खोडायचं, दुरुस्त करायचं. असं केलं की दोन गोष्टी साधतात. वही बिनकामाच्या मजकुरानं भरत नाही आणि शिकणाऱ्याला काय कळलं नाही ते लगेच उघडं पडतं.

व्हिडिओबद्दल सगळे विचारतात. काढा, पण एकटा तज्ज्ञ कॅमेऱ्यासमोर उभा करून नको. शिकणारा काम करतोय आणि तज्ज्ञ मागून टोकतोय, असा काढा. ते टोकणं हाच खरा माल. बाकी, जुन्या जॉबकार्डांत शोधून देणारी नवी सॉफ्टवेअर वगैरे उपयोगी आहेत, पण कार्डावर ‘पंप दुरुस्त केला’ एवढंच लिहिलेलं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर त्यातून काय काढणार?

शिकवायची रीत नव्यानं शोधायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांपुढे तुमच्यासारखाच पेच होता, फक्त शंभरपट मोठा: कुशल कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी कधी कारखान्याचं तोंड न पाहिलेली माणसं, त्यात लाखो स्त्रिया, आली. तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी कार्यक्रम निघाला. १९४० ते १९४५ या काळात त्यातून सोळा लाखांहून जास्त लोकांना प्रमाणपत्रं मिळाली. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथल्या कारखान्यांत रुजला. त्यातली काम शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम दाखवा आणि सांगा, त्याच्याकडून करवून घ्या, मग त्याला एकटं सोडून अधूनमधून येऊन बघा. ऐकायला हे फारच बाळबोध वाटतं. पण तुमच्या विभागात तिसरी पायरी नीट होते का ते बघा. तिसऱ्या पायरीत शिकणाऱ्यानं काम करता करता प्रत्येक कळीचा मुद्दा आणि त्यामागचं कारण स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं, आणि तो खात्रीनं सांगेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करायचं असतं. आपल्याकडची शिकवणी बहुधा दुसऱ्या पायरीवर संपते: ‘बघितलंस ना? कळलं ना?’ मुलगा मान डोलावतो आणि प्रकरण मिटतं. त्या कार्यक्रमाचं एक ब्रीद होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही.

यासाठी वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे एका जागेवर काही काळ दोन माणसं, म्हणजेच ओव्हरलॅप. इथेच सगळं अडतं. जागा रिकामी झाल्याशिवाय भरतीला मंजुरी नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. हा एक नियम बदलून घेता आला तर बाकी निम्मं काम झालं असं समजा. यादीतल्या त्या दहा-पंधरा कामांपुरती तरी मंजुरी घ्या: माणूस जायच्या किमान वर्षभर आधी त्याच्या जागेवर दुसरा आलेला असेल. वर्षभर का, तर वार्षिक शटडाऊन एकदा तरी दोघांनी मिळून करायला हवं. काही कामं दोन-तीन वर्षांतून एकदाच येतात; त्यांचं वेळापत्रक जाणत्याच्या निवृत्तीच्या तारखेशी ताडून बघा, आणि शक्य असेल तर एखादं ओव्हरहॉल त्याच्यासाठी अलीकडे ओढा.

साखळी तुटली की काय किंमत पडते, हे ब्रिटनच्या अ‍ॅस्ट्यूट पाणबुड्यांनी दाखवलं. आधीच्या व्हॅनगार्ड वर्गाचं काम संपत आलं आणि पुढचं नीट सुरू व्हायला काही वर्षं गेली. तेवढ्यात बॅरो इथल्या गोदीतली डिझाइनची आणि बांधणीची बरीच अनुभवी माणसं पांगली. १९९७ मध्ये करार झालेलं काम इतकं रखडलं की २००३ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीची मदत घ्यावी लागली. पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली ती २०१० मध्ये. याच्या अगदी उलट म्हणजे जपानमधलं इसेचं देवस्थान. तिथली मुख्य मंदिरं दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात; शेवटची बांधणी २०१३ मध्ये झाली. वीस वर्षांचं अंतर असं की सुताराला विशीत हाताखाली, चाळिशीत मुख्य कामावर आणि साठीत मार्गदर्शक म्हणून तेच काम पुन्हा करता येतं. कारणं धार्मिक आहेत, पण कौशल्य टिकवायची याहून चोख व्यवस्था मला माहीत नाही.

आता जाणत्यांकडे वळू. ते शिकवायला का कचरतात? ‘आपलं महत्त्व जाईल’ ही भीती असते, पण ती सांगितली जाते तितकी मोठी नसते. जास्त वेळा कारण साधं असतं: शिकवलं म्हणून कामाचा कोटा कमी होत नाही. ज्या दिवशी मुलगा शेजारी असतो त्या दिवशी तीन कामांऐवजी दोन होतात आणि संध्याकाळी साहेब विचारतो, ‘तिसरं का राहिलं?’ असं दोनदा झालं की तो मुलाला चहाला पाठवून काम उरकतो. म्हणून शिकवायचे तास जॉबकार्डावर वेगळे दाखवा आणि त्या माणसाचं कामाचं उद्दिष्ट तेवढं खाली आणा. अमेरिकेनं आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी २०१२ च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं निवृत्ती आणली. त्यात माणूस अर्धवेळ काम करतो आणि अर्धी पेन्शन घेतो. पण अट अशी की कामाच्या वेळातला किमान २० टक्के वेळ दुसऱ्यांना तयार करण्यात गेला पाहिजे. ही अट मला फार आवडते. निवृत्तांना कंत्राटावर परत घेताना बहुतेक ठिकाणी ती नसते. मग तो माणूस तेच जुनं काम आणखी दोन वर्षं करतो आणि तुमचा प्रश्न दोन वर्षांनी जसाच्या तसा परत येतो.

जपाननं हा प्रश्न आपल्या आधी पाहिला. १९४७ ते १९४९ मध्ये जन्मलेली तिथली मोठी पिढी २००७ पासून साठीला पोचणार होती, म्हणून २००६ पासून कंपन्यांना ६५ पर्यंत काम मिळण्याची सोय टप्प्याटप्प्यानं करणं बंधनकारक झालं, आणि २०२१ पासून ७० पर्यंत तसा प्रयत्न करायला सांगितलं गेलं. माणसं राहिली. पण साठीनंतर नव्या करारावर घेताना पगार बराच खाली आणायची प्रथा पडली आणि त्यावरून खटले झाले. कालपर्यंत उस्ताद असलेल्या माणसाला आज कमी पगारावर तेच काम देऊन वर मनापासून शिकव म्हणणं हा हिशेब जमत नाही. पगार कमी करायचाच असेल तर काम बदला, ओझं आणि रात्रपाळी कमी करा.

शरीराचाही विचार हवा. बीएमडब्ल्यूनं २००७ मध्ये जर्मनीतल्या डिंगोल्फिंग कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षांची माणसं बसवली, कारण दहा वर्षांनी अख्ख्या कारखान्याचं सरासरी वय तेवढं होणार होतं. कामगारांना विचारून सत्तरेक छोटे बदल केले: लाकडी जमीन, बसून काम करता येईल अशा खुर्च्या, भिंगं, उंची बदलणारी टेबलं. एकूण खर्च ४० हजार युरोंच्या आसपास आला आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. गुडघ्यांमुळे लवकर जाणारा फिटर अशा बदलांनी दोन वर्षं जास्त राहिला, तर ओव्हरलॅपची निम्मी अडचण तिथेच सुटते.

आणि प्रत्येक जाणता शिकवू शकतोच असं नाही. काही जण हाडाचे कारागीर असतात आणि मुलांवर सतत खेकसतात. त्यांच्यामागे शिक्षकपणाचं लचांड लावू नका. त्यांच्याकडून काढून घेणारा एक चांगला प्रश्नकर्ता द्या.

आता नव्यांकडे. तुमच्या जाहिरातीत बहुधा ‘किमान पाच वर्षांचा अनुभव’ असेल. याचा अर्थ दुसऱ्यानं घडवलेला माणूस तुम्हाला हवा आहे. तो सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून त्याला पैशानंच ओढावं लागतं आणि पैशानंच तो पुढे जातो. शिवाय अनुभवाची वर्षं हे माप तितकंसं भरवशाचं नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात उमेदवाराकडून प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारणारी मुलाखत वरच्या बाजूला होती, अनुभवाची वर्षं बरीच खाली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे नव्यानं तपासले. बरेच आकडे खाली आले, पण ठरावीक मुलाखत वरच राहिली आणि अनुभवाची वर्षं तळाशीच.

तेव्हा अर्धा दिवस द्या. उमेदवारासमोर एक उघडलेला पंप, एक ड्रॉइंग आणि मोजमापाची साधनं ठेवा. आधी येतं का हे बघा, पण त्याहून जास्त हे बघा की एक गोष्ट शिकवल्यावर पुढच्या तासाभरात तो ती वापरतो का, आणि न कळलेलं विचारतो का. त्याच भेटीत त्याला प्लांटची खरी बाजूही दाखवा: उष्णता, आवाज, रात्रपाळी, शटडाऊनचे लांबलचक दिवस. चार जण तिथूनच परत जातील. ते तिसऱ्या महिन्यात गेले असते.

माणसं शोधायची कुठे? सगळ्यात आधी गेटच्या आत. कंत्राटदाराकडचे हेल्पर, स्टोअरमधली चुणचुणीत मुलं, ऑपरेटर; प्लांट त्यांना माहीत असतो आणि ते आधीच इथे टिकलेले असतात. स्त्रिया अर्ज करत नाहीत असं म्हणणाऱ्या विभागात मी प्रथम बायकांची चेंजिंग रूम आहे का ते बघतो. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये शिकाऊ मुलं दोन ते साडेतीन-चार वर्षं आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि बाकीचे शाळेत काढतात. ती अख्खी व्यवस्था तुम्ही उभी करू शकणार नाही, पण तिच्यातली एक गोष्ट उचलता येते: शिकाऊ मुलांसाठी कंपनीत नेमून दिलेला, तशी परीक्षा दिलेला शिक्षक असतो. तुमच्याकडे शिकाऊ म्हणून घेतलेली मुलं फोटोकॉपी काढत असतील, तर पुढच्या वर्षी त्यांच्यातलं कोणी परत येणार नाही.

टिकवण्याबद्दल सगळे नव्यांविषयी बोलतात. मला जास्त काळजी मधल्या फळीची वाटते. पस्तीस-चाळिशीची, आठ-दहा वर्षं झालेली ही माणसं. आधी कधीतरी भरती गोठवलेली असते, त्यामुळे ही फळी मुळातच पातळ असते. जुने निवृत्त होताना त्यांचं काम हिच्यावर येतं, नव्यांना सांभाळणंही हिच्यावरच येतं, आणि रिकाम्या जागांचा ओव्हरटाइम हीच करते. वर एखाद्या दिवशी तिला कळतं की कालच आलेल्या मुलाला बाजारभावामुळे जवळजवळ आपल्याएवढाच पगार दिला आहे. या फळीतला एक जण गेला की त्याच्यासोबत जुन्यांकडून आलेलं आणि नव्यांकडे जायचं, दोन्ही जातं. म्हणून बाहेर जाहिरात द्यायच्या आधी आतल्या पगारांचा तक्ता उघडा. नव्याला जो आकडा देणार आहात त्याच्या शेजारी आठ वर्षं झालेल्याचा आकडा ठेवा आणि लाज वाटत असेल तर आधी तो दुरुस्त करा. सगळ्यांचे पगार वाढवायला पैसे नसतील, पण या मोजक्यांसाठी बहुधा निघतात.

पगाराची शिडी वर्षांऐवजी कौशल्याला बांधा. अमुक इतकी कामं कोणाच्या देखरेखीशिवाय करून दाखवली की पुढची पायरी, मग ती दीड वर्षात येवो की चारमध्ये. परीक्षा घेणारे दोघं जण असावेत, त्यातला एक दुसऱ्या सेक्शनचा, म्हणजे वशिल्याची शंका उरत नाही. आणि सगळ्यात वरची पायरी गाठायला सुपरवायझर व्हावं लागू नये. उत्तम वेल्डरला कागदं सांभाळायला बसवून आपण एक वेल्डर गमावतो आणि एक त्रासलेला सुपरवायझर मिळवतो. अत्यंत कुशल वेल्डरचा पगार त्याच्या सुपरवायझरएवढा असायला काय हरकत आहे? हे ऐकून एचआरचा चेहरा पडतो, तरी मागणी सोडू नका.

बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) लिहून घ्यावा का, असं हमखास विचारलं जातं. मी घेत नाही. जायचं ठरवलेला माणूस बाँडमुळे शरीरानं थांबतो, आणि मशीनवर नाराज माणूस मला नको असतो. ‘शिकवलं आणि गेला तर?’ ही भीती खरी आहे, काही जातीलच. पण न शिकवलेला राहिला, तर तो तुमच्या पंपावर काम करत असतो, हे विसरू नका. यापेक्षा पहिल्या वर्षावर लक्ष ठेवा. नवा माणूस ज्याच्या हाताखाली जातो तो पहिला माणूस विचारपूर्वक निवडा. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात विभागप्रमुखानं स्वतः त्याच्याशी अर्धा तास बोलावं: आतापर्यंत एकट्यानं कुठलं काम केलंस, पुढचं कुठलं शिकायचंय, कशानं वैतागला आहेस? राजीनामा दिल्यावर घेतलेल्या मुलाखतीत सगळे ‘घरगुती कारण’ सांगून मोकळे होतात. शिफ्टचा तक्ता महिनाभर आधी लागतो की आदल्या रात्री फोन येतो, असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून माणसं जातात, आणि त्या दुरुस्त करायला बजेट लागत नाही.

राहिला प्रश्न वरच्यांना पटवायचा. निवृत्तीच्या लाटेचे आलेख दाखवू नका, ते त्यांनी चार वेळा पाहिलेले असतात. यादीतलं एकच काम घ्या. मागच्या दोन-तीन वर्षांत त्या मशीनच्या बंद काळात किती उत्पादन बुडालं, बाहेरून तातडीनं माणूस बोलावला तर त्यानं किती घेतले, आणि हे सगळं एका माणसाच्या नसण्यामुळे किती वेळा झालं, हे तुमच्याच रजिस्टरमधून काढा. त्यासमोर एका माणसाचा वर्षभराचा जास्तीचा पगार ठेवा. प्रगतीचं माप म्हणून ‘किती जणांना ट्रेनिंग दिलं’ हा आकडा देऊ नका. त्याऐवजी यादीतली किती कामं आता किमान दोन जण रात्रपाळीत, कोणालाही फोन न करता करू शकतात, हा आकडा दर तिमाहीला द्या. सलग तीन तिमाही तो हलला नाही तर जास्तीच्या जागा परत घ्या, असं आधीच लिहून द्या. माझा अनुभव असा की या अटीवर मंजुरी लवकर मिळते, आणि शिकवायचे तास कामाच्या तासांत गिळले जाऊ लागले की ओरडायला तुमच्या हातात एक कागदही राहतो.